सोनूची नखं आणि घरातले शहाणे

आमच्या घरात कुणी आजारी पडलं की औषधाआधी किस्सेच जमा होतात. माझ्या बहिणीची, सोनूची, नखं पांढरीफटक पडली आणि एकेकाला डॉक्टरकी सुचली. मी कॉलेज सोडलेला. मला कोण विचारतो!

पहिला नंबर आत्याचा. लहानपणी बगळ्यांचा थवा दिसला की नखं घासायचो ना आपण, पांढरे ठिपके यावेत म्हणून? आत्या म्हणाली, "बगळे पावले तुले, सोने!"

एकोणीस वर्षांची पोरगी भिंत धरून जिना चढते, आणि हिला बगळे!

*

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, नेरच्या शाळेतून रिटायर झालेले. विज्ञान शिकवायचे! "कॅल्शियम कमी हाय. चुना खाऊ घाला तिले." आणि स्वतःच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यातली चुन्याची डबी पुढं केली.

मी मोबाइलवर वाचून सांगितलं, एखादा ठिपका असला तर बहुतेक वेळा नखाला मार लागलेला असतो, नख वाढलं की निघून जातो. अख्खी नखं फिकी पडली आणि चक्कर येत असली, तर रक्त तपासावं लागतं.

"तू पयले बी.एस्सी. पुरी कर, मंग आमचं रक्त तपास!"

*

तेवढ्यात सोनूला पाहायला पाहुणे आले. मोठ्या आईनं, मोठ्या बाबांच्या बायकोनं, तिच्या नखांना लालभडक नेलपॉलिश फासलं. चहाचा ट्रे हातात थरथरत होता.

पाहुणे खूश. "पोरगी लाजाळू हाय!"

*

दुसऱ्या दिवशी सोनू नळावर कोसळली. बाबा जेवता जेवता म्हणाले, "उपास असन तिले."

मी म्हटलं, "रोजच असते. तुमचं जेवण झाल्यावर भाजी उरते काय?"

बाबांनी रागानं ताट सरकवलं. रिकामं!

*

शेवटी कुणाला न विचारता मीच गाडी काढली. सोनू मधात, तिला धरून आई मागं, थेट यवतमाळ.

डॉक्टरबाईंनी आधी नेलपॉलिश पुसायला लावलं. नखं दाबून पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली. "रक्तच दिसत नाही अंगात! तपासणी आजच करा. गोळ्या देईन, पण पोटभर जेवू घाला हिला. डाळ, पालेभाजी, सगळ्यांच्या आधी."

आईनं हात जोडले. "बरी होईन ना जी पोरगी?"

डॉक्टरबाई त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या. "तुमची नखं कधीपासून अशी आहेत?"

आईनं झटकन हात पदराखाली घेतले.

"मी तं हिच्यासंगं आली, मॅडम."