पायाळूची लेक

आमच्या बाबांची लाथ सगळ्या पिंपळगाव राजाला ठाऊक आहे. बाबा पायाळू, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. कोणाच्या कंबरेत चमक भरली की तो आमच्या ओट्यावर पालथा पडतो, बाबा हळूच पाय लावतात, आणि तो चहा पिऊन बरा होऊन जातो. लाथेनं की चहानं, देव जाणे.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले आणि नवव्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलं, बाळाचं डोकं वर, ढुंगण खाली. खामगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटावरून हातानं फिरवून पाहू. फिरलं तर साधं बाळंतपण, नाही तर सिझर. पण फिरवताना बाळाचे ठोके कमी होऊ शकतात, क्वचित वार सुटते. मग लगेच ऑपरेशन. म्हणून दवाखान्यातच करायचं. विचार करून सांगा." आता मी काय कपाळ विचार करू!

घरी बाबा खुशीत. "पायाळू येऊन राह्यला! काऊन फिरवता त्याले? मी नाही आलो का पायानं?" शेजारची काकू म्हणाली, तेल लावून मीच फिरवून देते, दवाखाना कायले पाह्यजे? आई म्हणाली, तू आता त्यांच्या घरची, सासूले विचार. सासूबाईंनी साखरखेर्ड्याहून फोनवर सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरचं, तुही माय म्हणन तसं. नवरा म्हणाला, तुले वाटते ते कर. अहो, मलाच तर काही सुचत नव्हतं! काकूला कसली भीती नाही, डॉक्टरीणबाई भीती सांगूनच हात लावणार. खरं कोणाचं? फिरवलं तर बाळाच्या जिवाला धोका, नाही फिरवलं तरी धोका. डोकं पार भंजाळून गेलं. मी उठता-बसता रडत होते.

शेवटी वैतागून बाबांवरच ओरडले. "तुम्ही आले पायानं, मान्य. मंग तुमच्या मायचं काय झालं?" आजीला मी पाहिलं नव्हतं. ती लवकर गेली एवढंच ऐकून होते.

ओट्यावर एक जण कंबर धरून बसला होता. बाबांनी त्याला "उद्या ये बे" म्हणून घालवलं. मग खाली बघत म्हणाले, "त्याच दिवशी गेली. मी अडकलो होतो. मले आत्यानं वाढवलं." इतकी वर्षं गाव त्या पायांचं कौतुक करत होतं आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबाच मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी फिरवायला घेतलं, बाळ जरासं सरकलं आणि ठोके मंदावले. त्यांनी लगेच हात काढले. ठोके पुन्हा नीट ऐकू येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. "जबरदस्ती नको," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात सिझर झालं, मुलगी झाली. फिरवायला गेले ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही.

बारशाला तो कंबरवाला आला. पाळण्यात डोकावून म्हणाला, "पोटातून काढली, मंग पोरीले पायाळू म्हणाव का नाही?"

बाबा म्हणाले, "ते मले नाही समजत. हिची माय घरात हाय, बस."