दसऱ्याची माळ आणि यंत्राचं बोट

झेंडूचा उग्र वास आला की मला आधी रक्त आठवतं, मग दसरा. खंडाळ्याजवळच्या आमच्या कारखान्यात मोबाइलच्या काचा स्पर्श ओळखतात का, ते तपासायला रोबो होता. रबरी टोकाचं पोलादी बोट काचेवर दिवसभर आपटायचा. खंडेपूजेला आम्ही त्यालाही माळ घातली. चालू यंत्राचा व्हिडिओ हवा, म्हणून त्याच्याभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं, आणि दार उघडलं की यंत्र थांबवणाऱ्या स्विचवर मीच चिकटपट्टी मारली. माळ बोटात अडकली, रबर उखडलं. "थांब गड्या, मी काढतो की," म्हणत फौजेतून आलेल्या आमच्या ऑपरेटरने हात आत घातला. उघडं पोलाद त्याच्या उजव्या पंजात घुसलं, वर आलं, पुन्हा घुसलं. "आरं, बंद कर रं!" तो किंचाळत होता. यंत्र बंद करायचं लाल बटण माझ्या कोपराशीच होतं आणि मी वेड्यासारखा चिकटपट्टी खरवडत होतो. काचेवर झेंडूच्या पाकळ्या रक्तात चिकटल्या होत्या. प्रत्येक घावाला त्याचा पंजा काचेवर दाबला जाई आणि यंत्र तो स्पर्श म्हणून नोंदवी. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, 'पास'. परवा तो भेटला, डाव्या हातात चहाचा कप. अजून मला गड्याच म्हणतो. पट्टी कुणी लावली, हे त्याने आजवर विचारलेलं नाही.