सूर्यास्त गेला नवऱ्यांच्या चहात

मैत्रिणींनो, डेव्हनहून आत्ताच ब्रिस्टलला घरी पोचलेय आणि डोकं अजून तापलंय.

समुद्रकिनारी आम्हा मराठी बायकांचं फोटोग्राफी रिट्रीट होतं. वीकेंडभर फक्त आपण आणि कॅमेरे, असं ठरलेलं. आज शेवटचा सूर्यास्त. वाळूत ट्रायपॉड लावून, गारठलेल्या बोटांनी आम्ही तयार उभ्या. आकाश नुकतं रंगायला लागलं, आणि आम्हाला न्यायला येणारे नवरे तासभर आधीच हजर!

"काय मस्त वारा आहे! चहा मिळेल का गं?" इति माझा नवरा.

आणि आम्ही? कॅमेरे गुंडाळून थेट कॉटेजच्या किचनमध्ये. कुणी आलं किसतंय, कुणी पोहे भिजवतंय. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढं ड्राइव्ह करून आलेत, नुसता चहा कसा द्यायचा?" आणि मी मुकाट्याने कांदा चिरत होते!

बाहेर आलो तर अंधार. वर नवरा म्हणतो, "एवढा कॅमेरा आणलायस, आमचा एक ग्रुप फोटो तरी काढ."

काढला. आजचा माझा तेवढा एकच फोटो.

किचनमध्ये किटली होती, टी बॅग्ज होत्या. "तुझा तू करून घे," एवढं आमच्यातल्या एकीच्याही तोंडून का निघालं नाही? तुमच्या तोंडून निघालं असतं?