खर्ड्याच्या रंभाजीचा आवाज

खर्ड्याच्या रंभाजीचा बाप गावच्या मिरवणुकीपुढं हलगी वाजवायचा. छप्पन साली घरानं धम्म घेतला आणि बापानं ते काम कायमचं सोडलं. रंभाजी तेव्हा सतरा-अठराचा. ताल अंगातच मुरलेला. त्यानं ढोलकी धरली, मग स्वतःच कडवी जुळवू लागला. पुढं जामखेड-कर्जत भागात भीमजयंती असो की लग्न, ‘रंभाजी आणि पार्टी’ म्हटलं की लोक गाड्या जुंपून यायचे. बायको भामाबाई मागं कोरसला असायची.

खरी गर्दी लोटायची ती सामन्याला. दोन पार्ट्या समोरासमोर. एकानं कडव्यातून चिमटा काढायचा, दुसऱ्यानं जागच्या जागी उत्तर द्यायचं. अडला तो हरला. रंभाजीचा सामना कायम कर्जतच्या आसारामशी. त्याच्यावरचं रंभाजीचं हे कडवं तर पोरासोरांच्या तोंडी होतं:

कर्जतच्या कोंबड्या, आरवतो रं भर दुपारी,
गाव गेलं कामाला, तू अजून अंथरुणावरी!

बहात्तरच्या दुष्काळात गाणी थांबली. नवराबायको पाझर तलावाच्या कामावर खडी फोडू लागले. दगडाच्या भुकटीनं दिवाळीला रंभाजीला खोकला लागला, होळीपर्यंत आवाज पार घोगरा झाला. डॉक्टरनं घसा बघून सांगितलं, “आता गाणं विसरा.”

“यंदा जयंतीला नगा गाऊ,” भामाबाई म्हणाली.

“लोकं वरीसभर दगुड फोडत्यात. येक दीस तरी हसू दे त्यास्नी.”

एप्रिलात तलावाच्या भरावाखालीच जयंतीचा मांडव घातला. उन्हं कलल्यावर बॅटरीवरचा माईक सुरू झाला. समोर सामन्याला आसारामची पार्टी होती. पहिलं कडवं रंभाजीनं कसंबसं रेटलं. दुसऱ्याला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. त्यानं पुन्हा सूर लावला, पुन्हा तेच. हजारभर माणसं माना उंचावून बघू लागली.

सामना आसारामनं जिंकलाच होता. तो उठून माईकपाशी आला आणि गायला लागला ते कोंबड्याचंच कडवं, स्वतःवरचं. लोक हसले. मग त्यानं रंभाजीचंच दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. हसू हळूहळू विरलं. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. रंभाजी ढोलकी तिथंच ठेवून खाली उतरला आणि चालू लागला.

“चारचौघांत कीव केली माझी,” झोपडीत आल्यावर तो कुजबुजला.

“कीव?” भामाबाई म्हणाली. “तुमची समदी कडवी पाठ हायती त्याला. कीव करायची म्हनून कुनी येवढी कडवी पाठ करतं व्हय?”

पावसाळाभर रंभाजीनं आसारामचं नावही काढलं नाही. दिवाळी झाल्यावर मात्र एके सकाळी तो कडव्यांची वही काखेत मारून कर्जतच्या एसटीत बसला.

आसाराम दारातच भेटला. रंभाजीनं वही पुढं केली. “नवी वीस हायती. चाल मी सांगन तशीच धरायची.”

“आन माझ्यावरची?”

“ती बी हायती. तुलाच गावी लागतील.”

आसारामनं वही दोन्ही हातांनी घेतली.

पुढच्या जयंतीपासून कार्यक्रमाच्या छापील कागदावर दोन नावं येऊ लागली, गायक आसाराम आणि कवी रंभाजी. सामने मात्र संपले. तोडीस तोड दुसरी पार्टी त्या भागात उरली नव्हती. रंभाजी मागं ढोलकीवर बसायचा. आसारामची चाल चुकली तर ओरडता यायचं नाही, म्हणून ढोलकीवर कडक थाप मारायचा. कुणी जुनं माणूस येऊन म्हणायचं, “रंभाजी, येक तरी म्हन की.” तो मान हलवून आसारामकडं बोट करायचा, आणि आसाराम गात असताना त्याचे ओठ बिनआवाजाचे हलत राहायचे.