शंकाबाई आणि शुक्रवारचे पाय

दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका त्यांना पाठीमागे 'शंकाबाई' म्हणत. थायरॉइडच्या डॉक्टर होत्या, मूळच्या नाशिकच्या. समोर बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, असं धरूनच त्या बोलायला सुरुवात करत. "आणखी काय घेता?" हा पहिला प्रश्न. आमच्या शेजारणीने निमूटपणे पर्समधून केस वाढवायच्या गोळ्या काढल्या, तर बाई म्हणाल्या, "आता दुसरा कप्पा उघडा." त्यातून वजन उतरवायची पावडर निघाली!

तसा त्या मंदीच्या वर्षी दुबईत सगळ्यांनाच सगळ्यांचा संशय होता. क्रेन थांबल्या होत्या. साहेबाने केबिनचं दार लावून घेतलं की बाहेरच्यांचे चेहरे उतरत. माझा नवरा मिलिंद बांधकाम कंपनीत होता. तो सुकत चालला होता, हात थरथरत, छाती धडधडे. पण तेव्हा कोणाची धडधडत नव्हती? जो तो म्हणे, टेन्शन.

मग त्याचे पाय जायला लागले. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी उठायला जावं, तर कमरेखाली जीवच नाही. दुपारपर्यंत आपोआप बरा. हाडांच्या डॉक्टरांना काही सापडेना. एकदा रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या दिवशी तसं झालं, तर ऑफिसात म्हणाले, रजेसाठी नाटक करतोय. आजार कळला असता तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास, म्हणून आम्हीही कोणाला काही सांगत नव्हतो. शेवटी शेजारणीने शंकाबाईंकडे पाठवलं.

बाईंनी त्याचे हात पाहिले, गळा चाचपला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "आदल्या रात्री काय देता ह्यांना?"

माझा भडकाच उडाला. "म्हणजे काय? मी विष घालते का?"

"ते अजून ठरवलेलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "जेवण सांगा."

सांगता सांगता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसांत बहुतेक गुरुवारी कोणाचा ना कोणाचा निरोप असे. नोकरी गेलेलं कुटुंब परत निघायचं, आणि आपल्याकडे निरोप म्हणजे श्रीखंड-पुरी, मसालेभात आणि आग्रहावर आग्रह. कोणाला नाही म्हणवत नसे म्हणून मिलिंद पोट फुटेस्तोवर जेवायचा. सकाळी पाय गेले की मी अशक्तपणा समजून वर ग्लुकोजचं पाणी पाजायची!

बाईंनी रक्त तपासायला घेतलं, पंगतीला सक्त मनाई केली आणि बजावलं, "तरी पाय गेलेच तर तशाच अवस्थेत आणा. बरं होऊन आलेल्या माणसाकडून मला काही कळत नाही."

त्याच गुरुवारी मिलिंदच्या जिवलग मित्राचा निरोप होता. शुक्रवारी सकाळी शेजाऱ्यांनी मिलिंदला खुर्चीत बसवून खाली आणलं.

"जेवलात ना?" बाई हॉस्पिटलच्या दारातच.

"नाही हो मॅडम."

"खोटं. किती वाट्या?"

पोटॅशियम भलतंच खाली गेलं होतं आणि थायरॉइड चढलेला. बाईंनी मला नीट समजावलं. थायरॉइड बेफाम झाला की जड, गोड जेवणानंतर रक्तातलं पोटॅशियम स्नायूंत ओढलं जातं आणि पाय बंद पडतात. क्वचितच होतं, आणि झालं तर बहुधा पुरुषांना. "थायरॉइड बायकांचा रोग म्हणून पुरुषांचा कोणी तपासतच नाही. आज पाय गेले, उद्या हृदय थांबलं असतं."

पुढे कित्येक महिने गोळ्या चालल्या. बाई फोन करत. मिलिंदला विचारत, मला विचारत आणि मग म्हणत, "मुलीला द्या." आमची सहा वर्षांची लबाड पोरगी बिनदिक्कत सांगून टाकी, "बाबांनी जिलबी ईट केली, डॉक्टर आँटी." मग मिलिंदची जी खरडपट्टी निघे! मला मनातून उकळ्या फुटत.

पाय पुन्हा गेले नाहीत. नोकरी मात्र गेली. कंपनीच बंद पडली. आम्हीही सामान बांधलं.

विमानतळावर बाई आल्या. मिलिंदशी दोन शब्दही बोलल्या नाहीत. तो बॅगांनी लादलेली ट्रॉली ढकलत पुढे निघाला, तशा बाजूला उभ्या राहून नुसत्या त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. हातात नोकरी नव्हती, पुण्यात घर नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला होता की रडू आवरेना.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "जा आता. चालताहेत ते."