परशूची खबर आणायला निपाणीला

परशूचं शेवटचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि आई मागाला हात लावत नव्हती. परशू माझा धाकटा भाऊ, लढाईत आरमारात भरती झालेला. आम्ही शहापूरचे विणकर. घरात समुद्र कुणी पाहिलेला नाही. त्याच्याच जहाजावरचा दत्तू रजेवर निपाणीला आल्याचं कळलं आणि मी निघालोच.

पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटारी हल्ली कोळशावर चालतात. जाणार असाल तर मागची जागा टाळा, भट्टीची धग लागते. संकेश्वरला भजी बरी मिळाली, चहा मात्र नावालाच. तवंदी घाटात गाडीनं मान टाकली आणि सगळे उतरून चालू लागलो. खाली धुक्यात शेतं बुडाली होती. समुद्र असाच असेल, असं वाटत राहिलं आणि चालायचं विसरून मी उभाच राहिलो. कंडक्टरनं हाक मारून भानावर आणलं.

दत्तू रानातच भेटला. तंबाखूची पानं वाळत पसरलेली, वास डोक्यात भिनणारा. रामराम करायचंही विसरून मी विचारलं, "आमचा परशू हाय न्हवं?"

"हाय, अण्णा. हात लई भाजल्यात, म्हणून पत्र न्हाय. दवाखान्यात हाय."

मी बांधावर बसून रडलो. लाज वाटली नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. मालाच्या जहाजांचा तांडा चाललेला. राखणीला इंग्रजांची, ऑस्ट्रेलियाची, डचांची आणि आपली जहाजं. दत्तू-परशूच्या जहाजाला आग लागली, परशू पाण्यात पडला.

"आमाला थांबायचा हुकूम न्हवता. थांबलं की पाणबुडीच्या तोंडात. मागनं डच जहाज येत हुतं. त्यातल्या एकानं उडी मारली आन् परशूला दोरानं बांधून वर दिला."

"डच? त्याचा न् आपला काय संबंध?"

दत्तू हसला. "पान वाळाय घातलं की आमी पाळीनं राखतो, अण्णा. रान कुणाचं, कोण इचारतंय?"

परतताना खिडकीतून मला नुसतं पाणी दिसत होतं, आणि त्यावर नाना देशांची जहाजं शेजाऱ्यांसारखी चाललेली. इतका हलका मी कधी झालो नव्हतो.

घरी आईनं सगळं तीनदा सांगायला लावलं. रडली, हसली, देवापुढं साखर ठेवली. मग माझ्याकडं वळली.

"आन् त्यो उडी मारलेला? त्यो वर आला का रं?"

हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

आईनं पदरानं डोळे पुसले. "निपाणीची पयली मोटार किती वाजता हाय?"