दिन्याच्या घरचे फोन

दिन्याला जाऊन आज वर्ष झालं, आणि काल संध्याकाळपर्यंत आमची सिस्टीम त्याच्यासाठी भाड्याने पलंग शोधत होती.

हॉस्पिटलमधला. पाठ वर-खाली होणारा.

दिनेश, आमचा दिन्या, अंधेरीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. आमचं काम जाहिरातींच्या लिलावाचं. तुम्ही मोबाइलवर बातमी उघडता, मध्ये एक चौकोन रिकामा असतो. तिथे कोणाची जाहिरात दिसणार, याची बोली पापणी लवायच्या आत लागते.

लांबच्या मुख्य सर्व्हरला विचारत बसलं तर बोली हुकते. म्हणून छोटी मशीन्स माणसांच्या जवळ ठेवायची. आमचं एक विक्रोळीत आहे, जुन्या कारखान्याच्या आवारात. दिन्याचं लाडकं. त्याला नियमही त्यानेच घालून दिलेला: वर विचारत बसू नकोस, तुझ्याजवळ आहे ते खरं मान.

आणि टेस्टिंगला तो स्वतःच्या घरचे फोन वापरायचा.

"लोकांच्या घरात कशाला डोकवायचं यार? माझ्या घरात डोकव ना."

बाकीच्यांची माहिती काही दिवसांनी आपोआप पुसली जाते. टेस्टच्या फोनांची नाही.

मग तो आजारी पडला. वहिनींनी फोनवर पलंग शोधला, डायपर शोधले, गिळता येत नसेल तर काय भरवायचं ते शोधलं. विक्रोळीच्या मशीनने सगळं लक्षात ठेवलं.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. दिन्याची आई वर्षश्राद्धासाठी कणकवलीहून आलीय. गावच्या लोकांशी बोलायला सुनेचाच फोन घेते. त्यावर पलंगाची जाहिरात आली.

"गो, ह्यो पलंग कोणाक व्हयो?"

"त्या दिवशी जेवल्या नाहीत त्या," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, निदान श्राद्धाच्या दिवशी तरी हे दिसू देऊ नका."

त्याच्या घरचे सगळे फोन सिस्टीममध्ये 'घर' म्हणून एकाच नोंदीत होते. मुख्य सर्व्हरवरून ते घर पुसलं.

पलंग आला.

परत पुसलं. परत पलंग. वाट लागली होती. टेस्टचे फोन त्याने थेट विक्रोळीच्या मशीनमध्ये हाताने घातलेले, आणि ते मशीन अजून त्याचंच ऐकत होतं.

काल संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घाटकोपरच्या घरी गेलो. आता थेट त्या मशीनमध्ये शिरून पुसणार होतो.

"गळाच्या जाहिरातीपण जातील?" वहिनींनी विचारलं.

मला कळेना. मग त्यांनी दाखवलं. दिन्याला मासेमारीचा भारी नाद, रविवारी खाडीवर पडीक असायचा. शेवटी शेवटी पडल्या पडल्या नवा गळ बघत होता.

"रोज येतात त्या. मी बंद नाही करत. वाटतं, दिनेशला अजून घ्यायचाय."

खूप खटपट केली. पलंग काढून गळ ठेवता येईना. घर गेलं तर अख्खं जाणार.

"राहू दे का वहिनी? आईंना दुसरा फोन देऊ आपण."

त्यांनी आत बघितलं. आई श्राद्धाचे तांदूळ निवडत होत्या.

"पुसा. नाहीतर मी हे बघत बसेन, आणि त्या परत उपाशी राहतील."

पुसलं.

मग दोघं श्वास रोखून फोनकडे बघत बसलो. पहिली जाहिरात बिस्किटांची. मग कर्जतच्या प्लॉटची. प्लॉटच्या जाहिराती बघून दिन्या शिव्या घालायचा. वहिनी हसल्या.

"आता ओळखत नाही हा आपल्याला," म्हणाल्या, आणि मग खूप रडल्या.

आज सकाळपासून मी मेसेज करून त्यांना वैताग आणलाय. आला का? बघा ना, आला का? दुसऱ्या कुठल्या मशीनवर कॉपी राहिली असेल तर? हे ज्याला विचारायचं तोच नाही. वर्षभर माझं हेच होतंय, काही अडलं की मान आपोआप त्या शेजारच्या खुर्चीकडे वळते.

आत्ता वहिनींचं उत्तर आलं.

"नाही आला. आई जेवल्या."

आई जेवल्या रे, दिन्या.

तुझ्या घरात आता कोणी डोकवत नाही. नीट जा, मित्रा.